शालेय प्रकल्पासाठी सेंद्रिय रसायनातला विषय निवडताना: आधी मोजमाप, मग रेणू

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळेच्या शेवटच्या वर्षाला रसायनशास्त्राचा स्वतंत्र प्रकल्प करायचा आहे, सेंद्रिय रसायन मनापासून आवडतं आणि डोक्यात तीन कल्पना आहेत. चहाच्या पानांतून कॅफीन काढणं, ॲस्पिरिन तयार करणं किंवा ॲझो रंग बनवणं. प्रयोगशाळेत ब्युरेट, पिपेट, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, थर्मामीटर आणि एक जुना कलरीमीटर (द्रावणाचा रंग किती गडद आहे हे मोजणारं यंत्र) आहे. आठवड्यातून एकदा सलग दोन तासिका मिळतात. शिक्षक म्हणतात, तिन्ही विषय जमणार नाहीत. का जमणार नाहीत, आणि मग काय करावं?

शिक्षकांचं म्हणणं मला पटतं. पण त्यामागचं कारण फक्त धोका हे नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सेंद्रिय रसायनाची ओढ असलेली बहुतेक मुलं रेणूपासून सुरुवात करतात. मला अमुक पदार्थ बनवायचाय, असं ठरवून येतात. पदार्थ बनवणं ही कृती झाली. एक गोष्ट आपण मुद्दाम बदलतो, दुसरी आकड्यात मोजतो आणि बाकी सगळं जागच्या जागी धरून ठेवतो, तेव्हा तपास सुरू होतो. म्हणून माझा सल्ला उलट्या बाजूनं आहे. कोणती राशी तुला भरवशानं मोजता येते ते आधी प्रयोगशाळेत जाऊन बघ, आणि त्या मोजमापात बसेल अशी अभिक्रिया त्यानंतर शोध.

ॲस्पिरिनचंच घे. २ ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल म्हणजे सुमारे १४.५ मिलिमोल. ते सगळंच्या सगळं बदललं तर २.६१ ग्रॅम ॲस्पिरिन मिळायला हवं. प्रत्यक्षात थोडं गाळणकागदाला चिकटतं, थोडं धुताना पाण्याबरोबर जातं, पुन्हा स्फटिक पाडताना काही भाग द्रावणातच राहतो. उलट स्फटिक नीट वाळले नाहीत तर पाण्यामुळे वजन जास्त भरतं. तीच कृती त्याच हातांनी पुन्हा केली तरी उत्पादनाचे आकडे बरेच मागेपुढे होतात. अशा वेळी शीर्षक ‘उत्प्रेरकाच्या प्रमाणाचा ॲस्पिरिनच्या उत्पादनावर होणारा परिणाम’ असं ठेवलं, तर आलेखात उत्प्रेरकाचा परिणाम दिसणार नाही, तुझ्या गाळण्या-धुण्यातली सफाई तेवढी दिसेल. वाळवणं धरून एका खेपेला आठवडा जातो, म्हणजे शंका आली तरी प्रयोग पुन्हा करायला वेळ उरत नाही.

तोच रेणू उलट दिशेनं घेतला तर मात्र विषय फार चांगला होतो. ॲस्पिरिन पाण्यात हळूहळू तुटतं आणि सॅलिसिलिक आम्ल परत मिळतं. सॅलिसिलिक आम्लाला फिनॉलचा हायड्रॉक्सिल गट असतो, त्यामुळे आयर्न(III) क्षाराबरोबर ते गडद जांभळा रंग देतं. ॲस्पिरिनमध्ये हा गट ॲसिटिल गटानं झाकलेला असल्यामुळे त्याला हा रंग येत नाही. म्हणजे रंग जितका गडद, तितकं ॲस्पिरिन तुटलेलं. साध्या तापमानाला पाण्यात याला दिवस लागतात, पण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तासांत चांगला फरक मोजता येतो. ठरावीक वेळानं १ मिली द्रावण काढायचं, थंड आणि किंचित आम्लधर्मी आयर्न(III) नायट्रेटमध्ये घालायचं आणि कलरीमीटरवर हिरवा फिल्टर लावून वाचन घ्यायचं. जांभळा रंग ५३० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे हिरवा प्रकाश शोषतो, म्हणून फिल्टर हिरवा. त्याआधी माहीत असलेल्या संहतीच्या (म्हणजे द्रावणातल्या प्रमाणाच्या) सॅलिसिलिक आम्लाची चार-पाच द्रावणं करून मापनरेषा, म्हणजे संहती आणि वाचन यांचा आलेख, काढून ठेव. ती रेषा जिथे वाकायला लागते, त्याच्या पुढची वाचनं वापरू नकोस, नमुना विरळ कर. गोळ्या घेतल्यास त्यातले न विरघळणारे बांधक पदार्थ द्रावण गढूळ करतात आणि गढूळपणा कलरीमीटरला रंगासारखाच दिसतो, म्हणून शुद्ध ॲस्पिरिन मिळालं तर उत्तम, नाहीतर गाळून घे.

कॅफीनबद्दल फार लिहीत नाही. नेहमीच्या कृतीत डायक्लोरोमिथेनसारखं द्रावक लागतं, त्यासाठी फ्यूम हूड (वाफा खेचून घेणारं कपाट) हवं, आणि एवढं करून हाती येतं ते चिमूटभर पांढरं चूर्ण. त्यात कॅफीन किती शुद्ध आहे हे ठरवायला तुझ्याकडे साधन नाही. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर ०.०५ ग्रॅम वजन केलं तर नुसत्या काट्यामुळेच पाचवा हिस्सा चूक संभवते. ॲझो रंगाला मी स्पष्ट नाही म्हणेन. हे रंग बनवताना मध्ये तयार होणारे डायअझोनिअम क्षार ५ अंशांखाली ठेवावे लागतात, कोरडे पडले तर स्फोट होऊ शकतो, आणि त्यासाठी लागणाऱ्या ॲरोमॅटिक अमाइन्सपैकी काही कर्ककारक आहेत. नायट्रेशन आणि ब्रोमीनच्या अभिक्रियांनाही शालेय प्रकल्पात जागा नाही.

आता मी स्वतः कोणता विषय सुचवेन ते सांगते. इस्टरचं (आम्ल आणि अल्कोहोल जोडून बनलेल्या संयुगाचं) अल्कलीनं होणारं जलअपघटन. एथिल ॲसिटेट आणि सोडिअम हायड्रॉक्साइड यांच्यातून सोडिअम ॲसिटेट आणि एथेनॉल मिळतं. साबण बनताना तेलाच्या रेणूत जे घडतं, तेच इथे लहान रेणूत घडतं. अभिक्रिया पूर्ण होते, उपपदार्थ होत नाहीत, काहीही गाळावं किंवा वाळवावं लागत नाही, आणि कमी होत जाणारी अल्कली थेट टायट्रेशननं, म्हणजे ब्युरेटमधून माहीत संहतीचं द्रावण थेंबथेंब घालून, मोजता येते. सेंद्रिय अभिक्रियांमध्ये इतक्या सोयी एकत्र क्वचितच सापडतात.

पण ब्युरेट हातात घेण्याआधी गणित कर. २५ अंशांना या अभिक्रियेचा वेग-स्थिरांक (ती किती वेगानं चालते हे सांगणारा आकडा) प्रति मोल प्रति सेकंद सुमारे ०.११ लिटर आहे. दोन्ही पदार्थ समान संहतीत घेतले तर अर्धी अभिक्रिया व्हायला लागणारा वेळ म्हणजे १ भागिले (वेग-स्थिरांक गुणिले सुरुवातीची संहती). मिश्रणात दोन्ही ०.०५ मोलार (लिटरमागे ०.०५ मोल) ठेवलेस तर हा वेळ जेमतेम तीन मिनिटं येतो. एक नमुना काढून टायट्रेशन संपेपर्यंत निम्मा खेळ आटोपलेला असतो. संहती ०.०२ मोलार केली की तोच वेळ साडेसात मिनिटं होतो, आणि सलग दोन तासिकांत दोन पूर्ण खेपा आरामात बसतात. संहती आणखी कमी केली तर टायट्रेशनच्या शेवटच्या बिंदूचा रंग धूसर होतो. हे पाच मिनिटांचं गणित न करता विषय ठरवल्यामुळे खूप प्रकल्प फसतात. अभिक्रिया एकतर मोजायच्या आत संपते किंवा तासिका संपली तरी हलत नाही. माझ्या मते शालेय प्रयोगासाठी अर्ध्या अभिक्रियेचा वेळ पाच ते वीस मिनिटांच्या दरम्यान असावा.

कृतीत काही बारकावे आहेत. ठरलेल्या क्षणी १० मिली मिश्रण काढून ते बर्फात ठेवलेल्या १० मिली, ०.०२५ मोलार हायड्रोक्लोरिक आम्लात ओत. आम्ल जास्त असल्यामुळे उरलेली अल्कली तत्क्षणी संपते आणि अभिक्रिया तिथेच थांबते. मग उरलेलं आम्ल ०.०१ मोलार सोडिअम हायड्रॉक्साइडनं, अल्कलीत गुलाबी होणारं फिनॉल्फ्थॅलीन वापरून मोज. आकडे असे निवडले आहेत की अगदी सुरुवातीला सुमारे ५ मिली, अर्ध्यावर १५ मिली आणि शेवटी २५ मिलीच्या जवळ वाचन येईल. पहिली गुलाबी छटा आली की लगेच वाचन घे. तो रंग पुन्हा फिका पडू लागेल, कारण नमुन्यात अजून इस्टर शिल्लक आहे आणि तू घातलेली जास्तीची अल्कली तो खातोय. हे माहीत नसलं तर माणूस थेंबामागून थेंब घालत राहतो. द्रावणांसाठी उकळून झाकून थंड केलेलं पाणी वापर, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड इतक्या विरळ अल्कलीत लक्षात येण्याजोगी घट करतो. आणि ब्युरेटमधल्या अल्कलीची संहती त्याच दिवशी तपासून घे.

हाच विषय किती दिशांनी वाढतो बघ. तापमान बदललं तर सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया घडायला लागणारी किमान ऊर्जा) काढता येते. १० अंश वाढवले की वेग जवळपास दुप्पट होतो, म्हणजे १५ ते ३५ अंशांच्या पट्ट्यात भरपूर फरक मिळेल. इस्टर बदलला, म्हणजे एथिल ॲसिटेटच्या जागी मिथिल किंवा आयसोप्रोपिल ॲसिटेट घेतलं, तर कार्बनी साखळीच्या गर्दीचा वेगावर होणारा परिणाम दिसतो. इथेच खरं सेंद्रिय रसायन हाताला लागतं: हायड्रॉक्साइड आयनाला कार्बोनिल कार्बनपर्यंत (ऑक्सिजनशी दुहेरी बंध असलेल्या कार्बनपर्यंत) पोचायला किती मोकळी वाट आहे, हा वहीतला बाण-आकृतीचा प्रश्न टायट्रेशनच्या आकड्यांतून उत्तर देऊ लागतो. मला हा विषय इतका आवडतो तो यासाठीच. मात्र आयसोप्रोपिल ॲसिटेट बरंच सावकाश चालतं, त्यासाठी संहती आणि वेळा पुन्हा ठरवाव्या लागतील.

इस्टरच्याच बाबतीत एक सापळा आहे. ‘तापमानाचा इस्टरीकरणाच्या समतोलावर परिणाम’ हे शीर्षक ऐकायला छान वाटतं आणि अनेक मुलं ते निवडतात. इस्टरीकरण म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल यांच्यापासून इस्टर बनणं. १८६२ मध्ये बर्तलो आणि पेआं द सें-झील या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं की एक मोल ॲसिटिक आम्ल आणि एक मोल एथेनॉल एकत्र केले की अभिक्रिया दोन तृतीयांशावर येऊन थांबते. म्हणजे समतोल-स्थिरांक सुमारे ४. पण या अभिक्रियेत उष्णता जवळजवळ बाहेरही पडत नाही आणि शोषलीही जात नाही. त्यामुळे तापमान बदललं तरी स्थिरांक फारसा हलत नाही. आठवडे खर्च करून जो फरक शोधायचा, तो तुझ्या मोजमापाच्या चुकीपेक्षा लहान असेल. विषय निवडताना म्हणून हेही विचार: मी जी गोष्ट बदलणार आहे, तिच्यामुळे अपेक्षित फरक माझ्या चुकीच्या निदान पाच-दहा पट आहे का?

समतोलच तपासायचा असेल तर तापमानाऐवजी अल्कोहोल बदल. प्राथमिक, द्वितीयक आणि तृतीयक अल्कोहोल घेतलेस तर फरक नजरेत भरेल. तुझ्या वेळापत्रकाशी हा प्रकार चांगला जुळतोही. मिश्रणं घट्ट बुचाच्या बाटल्यांत भरून आठवडाभर ठेवायची आणि पुढच्या तासिकेला टायट्रेशन करायचं. उत्प्रेरक म्हणून घातलेलं हायड्रोक्लोरिक आम्लही अल्कली खातं, ते वेगळं मोजून वजा करायला विसरू नकोस. त्या आम्लाबरोबर आलेलं पाणीही समतोलाच्या हिशोबात धरावं लागतं. अहवालात परीक्षक नेमकं हेच तपासतात.

क जीवनसत्त्वाचा विषय सगळ्यांना माहीत आहे, आणि बहुतेक जण तो वाया घालवतात. ‘कोणत्या फळात जास्त’ ही नुसती पाहणी आहे. तिच्यात कार्यकारण नाही. त्याऐवजी ॲस्कॉर्बिक आम्लाचं हवेतल्या ऑक्सिजननं होणारं ऑक्सिडीकरण घे. तांब्याचे आयन अत्यल्प प्रमाणातही ते वेगानं घडवून आणतात, आणि आम्लतेचाही मोठा परिणाम होतो. कॉपर सल्फेटची संहती बदलत जा आणि ठरावीक वेळांनी आयोडीननं टायट्रेशन कर. फक्त आयोडीन घालण्याआधी नमुना चांगला आम्लधर्मी कर, आणि एका कोऱ्या नमुन्यात तेवढंच कॉपर सल्फेट घालून बघ, कारण टायट्रेशनसाठीच्या द्रावणात पोटॅशिअम आयोडाइड असतं आणि तांब्याचे आयन त्याच्याशी स्वतःच आयोडीन मुक्त करतात. तांब्याचं प्रमाण जितकं कमी ठेवशील तितका हा त्रास कमी. ०.००५ मोलार आयोडीनचा १ मिली म्हणजे ०.८८ मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल. २० मिली नमुन्यात १० मिलिग्रॅम असेल तर वाचन ११.४ मिलीच्या आसपास येईल. फळांच्या रसाऐवजी शुद्ध ॲस्कॉर्बिक आम्लाचं द्रावण घेतलं तर स्टार्चचा निळा रंग स्वच्छ दिसतो. बाटलीबंद रसांत सल्फाइट असलं तर तेही आयोडीन खातं आणि आकडा फुगतो. अहवालात एक गोष्ट जरूर लिही: ऑक्सिडीकरणातून बनणारं डीहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल शरीराला जीवनसत्त्व म्हणून उपयोगी पडतं, पण आयोडीनला ते दिसत नाही. म्हणजे टायट्रेशन क्षपणक्षमता (इलेक्ट्रॉन देण्याची क्षमता) मोजतं. ती आणि पोषणमूल्य एकच नाही.

कलरीमीटर चांगला चालत असेल तर प्रोपॅनोन (म्हणजे ॲसिटोन) आणि आयोडीनची आम्लधर्मी अभिक्रियाही विचारात घे. प्रोपॅनोन आणि आम्ल भरपूर, आयोडीन थोडं. आयोडीनचा तपकिरी रंग सरळ रेषेत उतरत जातो आणि अचानक संपतो, कारण वेग आयोडीनच्या संहतीवर अवलंबूनच नाही. प्रोपॅनोनचं एनॉल रूपात (दुहेरी बंधाच्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट असलेल्या रूपात) जाणं ही संथ पायरी आहे, आयोडीन तिच्यानंतर येतं. अभिक्रियेच्या यंत्रणेबद्दल इतका थेट पुरावा शाळेच्या बाकावर दुसऱ्या कोणत्या प्रयोगात मिळत असेल असं मला वाटत नाही. आयोडोप्रोपॅनोन डोळ्यांना झोंबतं, त्यामुळे आकारमान अगदी कमी ठेव, खिडक्या उघड्या ठेव आणि काम झालं की मिश्रण सोडिअम बायकार्बोनेटच्या द्रावणात ओतून अभिक्रिया थांबव.

कलरीमीटर बिघडलेला असेल तरी रस्ता बंद होत नाही. फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग तीव्र अल्कलीत हळूहळू उडतो, क्रिस्टल व्हायोलेटचा जांभळा रंगही तसाच. हे फोनच्या कॅमेऱ्यानं मोजता येतं. अट एवढीच की प्रकाश, अंतर आणि कॅमेऱ्याचं एक्स्पोजर पूर्ण वेळ तेच राहायला हवं, आणि मापनरेषा त्याच मांडणीत काढलेली हवी. दोन पोलरॉइड काचा आणि कोनमापक मिळाला तर साखरेचं आम्लातलं विघटनही करता येईल. साखरेच्या द्रावणाचं विशिष्ट प्रकाशवलन (ध्रुवित प्रकाशाची दिशा वळवण्याचं माप) अधिक ६६.५ अंशांवरून उतरत शून्य ओलांडतं आणि उणे २० च्या आसपास स्थिरावतं. जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्मीनं १८५० मध्ये याच अभिक्रियेवर वेगाचा पहिला गणिती अभ्यास केला. घरगुती मांडणीत कोन एका अंशापेक्षा बारीक वाचता येत नाही, म्हणून द्रावण दाट आणि नळी लांब हवी.

चुकांच्या हिशोबात एक गोष्ट जवळपास सगळ्यांकडून राहते. मुलं ब्युरेटच्या थेंबाची काळजी करतात आणि तापमान वाऱ्यावर सोडतात. ब्युरेटच्या दोन वाचनांत मिळून ०.१ मिली चूक धरली तर २० मिलीवर ती अर्धा टक्का होते, २ मिलीवर पाच टक्के. पण या प्रकारच्या अभिक्रियांत तापमान एका अंशानं चुकलं तरी वेग सात टक्क्यांच्या आसपास बदलतो. तेव्हा वेगाच्या प्रयोगात पाण्याचं मोठं भांडं, त्यात आधीपासून ठेवलेली दोन्ही द्रावणं, आणि थर्मामीटर प्रत्यक्ष मिश्रणात, ही मांडणी टायट्रेशनच्या कौशल्याइतकीच महत्त्वाची आहे. मोठ्या भांड्यातलं पाणी सावकाश थंड होतं, तेवढ्यानंही पुष्कळ फरक पडतो.

सुरक्षेबद्दल थोडंच, पण ठामपणे. एथिल ॲसिटेट, प्रोपॅनोन आणि अल्कोहोल यांच्या आसपास ज्योत नको, तापवायचं ते गरम पाण्यानं. शुद्ध ॲसिटिक आम्ल आणि संहत सल्फ्युरिक आम्ल शिक्षकांच्या देखरेखीशिवाय ओतू नकोस. चष्मा सुरुवातीपासून सफाई संपेपर्यंत डोळ्यांवर हवा, सोडिअम हायड्रॉक्साइड विरळ असलं तरी. प्रत्येक पदार्थाचा धोका आणि त्याची विल्हेवाट कशी लावायची हे शिक्षकांना लेखी दाखवून सही घे. प्रयोगशाळा सहायकांशीही आधीच बोल. कोणती बाटली अर्धी रिकामी आहे आणि कोणत्या ब्युरेटचा नळ गळतो, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

शीर्षक शेवटी ठरव. आधी येत्या तासिकेला एथिल ॲसिटेटची एकच खेप खोलीच्या तापमानाला घे, ०.०२ मोलार, दर तीन मिनिटांनी एक नमुना, एकूण सात-आठ नमुने. उरलेल्या अल्कलीच्या संहतीचा व्यस्तांक काढून वेळेसमोर मांड. तो ५० पासून सुरू होऊन साडेसात मिनिटांनी १०० आणि पंधरा मिनिटांनी १५० च्या आसपास पोचायला हवा. खोली २५ अंशांपेक्षा थंड असेल तर जरा उशिरा पोचेल. बिंदू सरळ रेषेत आले तर तापमान किंवा इस्टर यांपैकी काय बदलायचं ते निवड आणि शिक्षकांकडे प्रस्ताव दे. रेषा वाकली तर पहिल्या नमुन्यांच्या वेळा, ब्युरेटमधल्या अल्कलीची संहती आणि मिश्रणाचं तापमान या क्रमानं तपास. ते सगळं ठीक करूनही रेषा सरळ झाली नाही, तर ॲस्कॉर्बिक आम्ल आणि तांब्याच्या विषयाकडे वळायला अजून पुरेसे आठवडे हातात असतील.